पाय न टेकणारे क्लचभाई

क्लचभाईंनी गाडीवरून पाय जमिनीला टेकवलेला आमच्या पंचक्रोशीत कोणी पाहिला नव्हता. मासळी बाजाराच्या तोंडाशी एसटी अडकली की मागचे सगळे एक पाय खाली सोडून हॉर्न बडवायला लागत. भाई मात्र दोन्ही पाय फूटरेस्टवर, हँडल जरासं डावीकडे वळवलेलं, आणि गाडी खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी. टपरीवरचा चहासुद्धा ते तसाच घेत. उजव्या हाताने ब्रेक दाबलेला आणि डाव्या हातात कप. टपरीवाला बंड्या म्हणायचा, “भाईंका कप देताना माझोच हात थरथरता.” नवख्या पर्यटकांनी फोटो काढले तर भाई त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. आपलं काही अजब चाललंय हेच त्यांना मान्य नव्हतं.

क्लचभाई हे नाव त्यांना पडलं ते डाव्या हाताच्या पहिल्या बोटामुळे. ते बोट कधी स्वस्थ नसे. ग्रामसभेत बसले असोत, लग्नाच्या पंगतीत असोत, नाहीतर डॉक्टरकडे रक्तदाब मोजून घेत असोत, त्यांचं बोट हवेतला क्लच हळूहळू ओढत आणि सोडत असे. “क्लच बोटान नाय, मनान सोडूचो,” असं ते मला गाडी शिकवायला घेतली त्या पहिल्याच दिवशी म्हणाले. मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे सहा महिने गाडी दर उडीला बंद पडत राहिली तेव्हा हसू आपोआप थांबलं.

भाई मूळचे आमच्याच गावचे. वरकस जमीन, काजूची कलमं आणि गावामागचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, एवढी त्यांची वडिलोपार्जित इस्टेट. तरुणपणी पुण्याला मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत नव्या गाड्यांची चाचणी घेण्याच्या नोकरीला लागले. कंपनीच्या ट्रॅकवर दिवसभर गाडी पळवायची आणि संध्याकाळी काय बिघडलं ते सांगायचं. “दिवसभर गोल गोल. घाण्याचो बैल आनि मी, फरक एकच, बैलाक पगार नाय,” असं म्हणून ते त्या नोकरीची खिल्ली उडवत. निवृत्त होऊन गावी आले ते एक ट्रायल्सची गाडी घेऊन. गोव्याहून कोणाची तरी वापरलेली, बारीक, हलकी, बकरीसारखी दगडावर चढणारी. तिला सीटच नाही, कारण ती उभ्यानेच चालवायची असते. गाव बघायला जमला. “भाई, सीट चोरीक गेली?” असं कोणीतरी विचारलं. “बसूचा नाय म्हणान काढलंय,” असं सांगून भाईंनी गाडी घरासमोरच्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढवली, गडग्यावरच वळवली आणि खाली उतरवली. पाय टेकला नाही.

त्या गडग्यापाशी उभ्या असलेल्या गर्दीत मी होते. मालवणात माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर गोळ्यांची पाकिटं कापणाऱ्या माझ्यासारख्या बाईला दगडावर गाडी चढवायची हौस का वाटावी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी भाई गाडी घेऊन सड्यावर गेले तेव्हा मीही मागोमाग गेले. आग्नेल माझ्याआधीच पोचला होता. आग्नेल म्हणजे आमच्या हायस्कूलचा विज्ञानाचा शिक्षक, आजोळ गोव्याचं, त्यामुळे पुढे सुटे भाग आणायची जबाबदारी आपसूकच त्याच्याकडे गेली. भाईंनी आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “पडाक येता? मगे येवा.”

ट्रायल्समध्ये वेगाला कवडीची किंमत नसते. दगडांमधून फिती लावून एक वाट आखायची आणि त्या वाटेने पाय न टेकता पार व्हायचं. पंच बाजूला उभा असतो. एकही पाय टेकला नाही तर तो मूठ वर करतो. एकदा टेकला तर एक बोट, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तर तीन. पडलात किंवा फितीबाहेर गेलात तर उघडा पंजा, म्हणजे पाच, म्हणजे सगळं गेलं. मला गाडी येईना म्हणून भाईंनी आधी मला पंच केलं. नियम एकच सांगितला, “पंचाच्या बोटाशी वाद नाय. मान हलवूची आनि फुडे जावचा.” एकदा ते एका मोठ्या धोंड्यामागे दिसेनासे झाले आणि पलीकडून झोकात बाहेर आले. मी मूठ वर केली. भाईंनी गाडी थांबवली. “एक लाव गो. मागसून टेकलो.” मी म्हटलं, मला दिसला नाही. त्यावर ते चिडलेच. “तुका दिसलो नाय म्हणान टेकूक नाय काय? टेकलो तो टेकलो!” असा सरळ माणूस मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या वडिलांवर नसेल इतका विश्वास मी त्या दिवसापासून भाईंवर टाकला.

सड्याच्या मधोमध छातीएवढ्या उंचीचा जांभ्याचा एक कातळ होता. वरून थोडा वाकलेला, खाली कुबड आलेला. भाई त्याला म्हातारी म्हणत. म्हातारीवर पाय न टेकता चढणारे फक्त भाई. आग्नेलने तिच्यावर मनगट मोडून घेतलं आणि महिनाभर फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं. मी तीन वर्षांत पाचावरून तीनवर, तीनवरून दोनवर आणि शेवटी एका बोटावर आले. ते एक बोट काही जाईना. वरच्या काठाशी आले की उजवा पाय आपला आपण खाली जायचा. “घाई कसली आसा?” भाई म्हणायचे. “म्हातारी खंय पळान जाणा नाय.” आणि मग सड्यावरून हात फिरवून म्हणायचे, “हो सडो मी आसय तोवर असोच रवतलो. माझ्यामागसून तुमचो.” आम्हाला कागद नको होता. तो शब्द भाईंचा होता.

भाईंची आणखी एक सवय होती. सड्याच्या कडेला जांभळीखाली राखणदाराचा पाषाण आहे. जागेची राखण करणारा तो, त्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे कुदळही मारत नाहीत. भाई दर रविवारी गाडी सुरू करण्याआधी तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत. “बा राखणदारा म्हाराजा! तुझ्या पायाकडे ही लेकरां उभी आसत. तेंचे हातपाय सांभाळ, तेंच्या गाड्यो सांभाळ रे म्हाराजा!” आणि आम्ही दोघं हात जोडून मोठ्याने म्हणायचो, “व्हय म्हाराजा!” आग्नेल सकाळी चर्चला जाऊन यायचा आणि इथे माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायचा. गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा असतो. भाईंचा आवाज खणखणीत, वाक्यं लांबलचक, आणि आमचं अर्धं लक्ष समोरच्या दगडांवर. कोणत्या वाक्याला आपण व्हय म्हटलं, हे आम्ही कधी तपासलं नाही. गाऱ्हाणं कोण तपासतं?

एकदा भाईंचे पुण्याचे जुने साहेब गावी आले. उंची गाडी, मोकळा हात, माणूस वागायला गोड. ते आम्हा तिघांना घाटावरच्या एका ट्रॅकवर घेऊन गेले. भाईंनी त्यांची गाडी घेतली आणि चकरा मारायला सुरुवात केली. मी कठड्याशी उभी होते. प्रत्येक वळणावर टायर किंचाळत होते आणि काचेआड भाईंचा चेहरा दिसत होता. तो चेहरा मी सड्यावर कधी पाहिला नव्हता. परत येताना साहेब गाडी चालवत होते आणि घाट उतरत असताना माझी नजर सहज त्यांच्या हाताकडे गेली. डाव्या हाताचं बोट मांडीवर निपचित पडलं होतं. हलत होता तो उजवा पाय, नसलेला अॅक्सिलरेटर दाबत. मी आग्नेलला कोपराने ढोसलं आणि आम्ही दोघं त्यांची नक्कल करून पोट धरून हसलो. भाई हसले नाहीत.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आम्ही सड्यावर स्पर्धा भरवायचं ठरवलं. गोव्याचे काही स्वार येणार होते, घाटावरचे येणार होते. दिवाळीनंतरचा रविवार धरला. मी दुकान बंद करून रोज संध्याकाळी वर जायचे, गवत काढायचे, खुणेचे दगड रंगवायचे. म्हातारी शेवटच्या वाटेत ठेवली होती आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर माझं ते एक बोट घालवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दसऱ्याला भाईंनी मोठं गाऱ्हाणं घातलं. साहेबही आले होते, बूट काढून हात जोडून उभे होते. आम्हाला वाटलं, स्पर्धेला मदत करणार असतील. भाई म्हणाले, “ह्या सड्यार जां काय नवां काम योजलेलां आसा, तेका ह्या लेकरांचो मनापासून होकार आसा, तां बेगीन पुरा करून घे रे म्हाराजा!” आम्ही घसा फोडून ओरडलो, “व्हय म्हाराजा!”

त्याच आठवड्यात आग्नेलचा फोन आला. “बाय, वर ये. म्हातारी नाय.”

मी गेले तेव्हा म्हातारीचे तुकडे डंपरमध्ये भरत होते. जेसीबीला लावलेला ब्रेकर पुढच्या कातळावर चालला होता आणि माझे रंगवलेले दगड बाजूला ढिगात पडले होते. भाई छत्री घेऊन उभे होते.

“भाई, ह्यां काय?”

“ट्रॅक. सायबाच्या भागीदारीत. गाड्यो पळतल्यो हयसर.”

“आमका कित्याक सांगूक नाय?”

“सांगलंय मगे.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “राखणदाराच्या समोर सांगलंय. तुम्ही दोघांनी व्हय म्हाराजा म्हटलास. मिया एकट्यान नाय ठरवूक.”

आग्नेल कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. “भाई, आमी स्पर्धेक व्हय म्हटलांव!”

“तां तुमच्या मनातला. मी स्पर्धेचां नावच घेवक नाय. देवासमोर दिलेलो शबुद आता फिरवतलास?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते म्हातारीसाठी की कोणासाठी ते कळलं नाही. मग भाई थोडे नरमले. “साठी उलाटली माझी, बाय. तुमच्याबरोबर क्लच दाबून हळूहळू चललंय. आता माका पळूक व्हया. तुका नाय कळूचा.”

मला ते कळलं होतं, हेच तर दुखणं आहे. मी तो चेहरा काचेआड पाहिला होता. सडा त्यांचा, दगड त्यांचे, हौसही त्यांची. “माका पळूक व्हया” एवढं जरी त्यांनी आधी सरळ सांगितलं असतं, तरी मी रडले असते, भांडले असते आणि गाडी घेऊन दुसरे दगड शोधले असते. पण ज्या माणसाने धोंड्याआड टेकलेला, कोणी न पाहिलेला पाय कबूल केला, त्याने हा एवढा मोठा पाय आमच्या नावावर टाकला. आमच्याच तोंडून होकार वदवला आणि साक्षीला देव उभा केला. म्हातारी फुटली त्याचं दुःख एक वेळ ओसरेल. हे ओसरत नाही.

ट्रॅक झाला. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात आणि त्यांचा आवाज खाली आमच्या घरापर्यंत पोचतो. उद्घाटनाचं आमंत्रण आलं होतं, मी गेले नाही. आग्नेल आणि मी आता व्हाळातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, मोठ्या गोट्यांवर सराव करतो. आग्नेल म्हणतो, हल्ली चर्चमध्ये आमेन म्हणायच्या आधी तो फादरचं वाक्य नीट ऐकून घेतो. तो गमतीने म्हणतो, पण मीही आता कुठल्याच गाऱ्हाण्याला उभी राहत नाही. दुकानाच्या वर्धापनदिनाला भटजींनी गाऱ्हाणं घातलं तेव्हा मी आत जाऊन औषधं लावत बसले.

आणि तरी पेट्रोल पंपावर माझे दोन्ही पाय फूटरेस्टवर असतात. गिऱ्हाईकाशी बोलताना माझं डावं बोट हलतं. हे कुठून आलं ते मी नाकारू शकत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

गेल्या महिन्यात बाजारातून येताना एसटी अडकली. मी गाडी थोपवून उभी राहिले आणि समोर टपरीवर भाई दिसले. साध्या मोटारसायकलवर बसले होते. सीटवर आरामात रेलून, हातात चहा, आणि उजवा पाय रस्त्यावर टेकवलेला. टपरीवरच्या कोणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. भाईंनी वर पाहिलं. आमची नजरानजर झाली.

माझा हात आपोआप वर गेला. आधी एक बोट उघडलं. मग बाकीचीही उघडली. एका पायासाठी नव्हे, फीत ओलांडल्याबद्दल. उघडा पंजा, पाच.

“भाई, बाय तुमका हात करता,” बंड्या म्हणाला.

भाईंनी कप खाली ठेवला. ते माझ्या पंजाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही.

मला वाटलं होतं, ज्या दिवशी हे करेन त्या दिवशी मला बरं वाटेल. एसटी सुटली, मागून हॉर्न वाजायला लागले. मी क्लच सोडला, मनाने, आणि पाय न टेकता निघाले.