हे चूक आहे, साहेब

स्वीडनमधल्या उप्सालाच्या तोर्ग्नी मास्तरांचा एक हट्ट होता. दगड जड असतो ते तोलून दाखवता येतं, पण चोरी वाईट असते ते कशावर तोलणार? माणूस 'वाईट' म्हणतो तेव्हा तो फक्त आपला राग बोलून दाखवतो. त्या शब्दाला खरंही म्हणता येत नाही, खोटंही नाही. विद्यापीठात ते हे शिकले होते आणि गावातल्या मोठ्या शाळेत वर्षानुवर्षं तेच शिकवत होते. पाद्रीबुवा चिडत, मुलं खूश असत.

१९४२च्या उन्हाळ्यात त्यांच्या माडीवर आस्लाउग राहायला आली. नॉर्वेतली शिक्षिका. जर्मनांच्या मर्जीतल्या सरकारनं शिक्षकांना आपल्या संघटनेत येण्याचं फर्मान काढलं, तेव्हा तिनं आणि तिच्या नवऱ्यानं नकार दिला. नवऱ्याला धरून उत्तरेला मजुरीवर धाडलं. ती रानातून चालत सरहद्द ओलांडून आली.

एका सकाळी चिकोरीची कडवट कॉफी पिताना मास्तरांनी सवयीनं आपला सिद्धांत सुरू केला. बायकोनं, स्वेआनं, टेबलाखालून पाय मारला, पण गाडी सुटली होती.

आस्लाउगनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मास्तर, मी नकार दिला तो हेरिंग मासा आवडत नाही म्हणण्यासारखाच?"

"छे, तुमची भावना फार तीव्र होती."

"संघटनेच्या कागदावर सही घ्यायला आलेल्या अधिकाऱ्याचीही होती. बोलताना गहिवरला होता तो."

याचं उत्तर मास्तरांपाशी होतं. पण कप उचलून ते मोरीकडे गेले.

त्या दिवसापासून त्यांचं कशात लक्ष लागेना. वर्गात वाक्य अर्ध्यावर सोडून ते खिडकीशी जाऊन उभे राहत. जुनी पुस्तकं पुन्हा उपसली. युक्तिवादात कुठे फट दिसेना, आणि तरी तो खरा वाटेना. "तुला ताप आहे का?" स्वेआनं दोनदा विचारलं.

शरदात वरच्या वर्गानं आस्लाउगचं बोलणं ऐकायची इच्छा दाखवली. मास्तरांनी तास ठरवला. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. देश तटस्थ आहे, जर्मनांना उगाच डिवचायला नको, असं बरंच सांगून झालं. मग ते हसले. "आणि तुमच्याच मते बरंवाईट काही नसतं. मग एक तास रद्द करायला तुमची काय हरकत?"

"हे चूक आहे, साहेब."

"म्हणजे तुम्हाला आवडलेलं नाही."

"नाही. तुम्हाला आवडो, मला आवडो, चूक ते चूकच."

बोलून गेल्यावर त्यांचे कान तापले. भर वर्गात कपडे गळून पडावेत तसं त्यांना झालं. पण तास झाला. आस्लाउग बोलली, मुलांनी ऐकलं. नाताळानंतर तत्त्वज्ञान दुसऱ्याकडे गेलं आणि मास्तरांच्या वाट्याला खालच्या वर्गांचं व्याकरण आलं.

लढाई संपल्यावर आस्लाउग सुटून आलेल्या नवऱ्याकडे परतली. मास्तर मात्र म्हातारपणीही जेवताजेवता थांबत आणि म्हणत, "पण तोलायचं कशावर, स्वेआ?"

"बटाटे निवताहेत," ती म्हणे. ते खाऊ लागत, आणि दोन घासांनी पुन्हा थांबत.