माणिकची रायफल

आमची कंपनी तेव्हा सीमेवरच्या एका ठाण्यावर होती. मराठवाड्यातले आम्ही दोघंच: मी लोह्याचा हवालदार आणि जळकोटकडचा नाईक माणिक. हसरा गडी. पण त्या हिवाळ्यात तो बोलेनासा झाला. लंगरमध्ये ताट तसंच ठेवून उठायचा, डोळ्याला डोळा लागत नव्हता. कंपनी कमांडरांनी त्याला मिलिटरी हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या मेजर डॉक्टरांनी नैराश्याचा आजार सांगितला आणि गोळ्या सुरू केल्या.

फौजेत अशा गोळ्या चालू असल्या की मेडिकल कॅटेगरी खाली येते आणि रायफल मिळत नाही. माणिक परतला तो लंगरच्या कामाला, पहाऱ्याला हातात दंडुका. जवान त्याला 'लाठीसाहेब' म्हणू लागले. त्यातल्या दोघांना मी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, मग बाकीच्यांची थट्टाही आटली. गोळ्यांनी मात्र गुण आला. माणिक पोटभर जेवू लागला, माझ्या चालण्याची नक्कल करू लागला. मला फार बरं वाटलं.

आम्ही सुट्टीवर निघालो तेव्हा मेजर त्याला म्हणाले, "गोळी मी सांगेन तेव्हा बंद. त्याआधी नाही."

"येस सर."

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. टँकर आला की गावात घागरींची मारामारी. मी माणिकला भेटायला गेलो तर त्याच्या घरातही वाद पेटलेला.

थोरला भाऊ किसनदादा म्हणत होता, "आता बरा हाय की त्यो. फौजी माणूस अन् याड्याच्या गोळ्या? लोक हसून राहिलेत."

"गोळ्यानंच बरे झालेत, दादा," माणिकची बायको सुलाबाई दारातून म्हणाली. "हसू द्या लोकायला."

माणिक माझ्याकडे वळला. "हवालदारसाब, मेडिकल बोर्डापुढं गोळीबिगर हुभं राहाचंय मला. रायफल परत पायजे."

"बोर्ड पुढच्या साली बी बसतंय. गोळी घे. हुकूम समज."

"सुट्टीवर कसला हुकूम?" तो हसला.

गरज सरो, वैद्य मरो. दादाने गोळ्यांची डबी उचलून नेली आणि माणिकने ती नेऊ दिली.

सुट्टी संपली. नांदेड स्टेशनला बरोबर जायचं म्हणून मी सकाळीच त्याच्या गावी पोचलो. ट्रंक ओट्यावर तयार होती. माणिक उजाडल्यापासून दिसला नव्हता.

"लई दिस झाले, झोप न्हाई, बोलणं न्हाई," सुलाबाई म्हणाली.

मी गावातली माणसं गोळा करून एका रांगेत लावली. "रांग मोडू नका. काही दिसलं की हाक." शिवार पिंजून काढलं. टोकाच्या माणसाची हाक आली. माणिक कोरड्या विहिरीत होता. दोर बांधून मी खाली उतरलो. तो गेला होता. माझा दोर सोडून मी त्याच्या कमरेला बांधला आणि आधी त्याला वर घ्यायला लावलं.

गाव म्हणालं, पाय घसरला. दादानेही तेच सांगितलं. "न्हाई घसरला," सुलाबाई म्हणत राहिली. तिचं कोणी ऐकलं नाही.

मी निवृत्त झालो त्यालाही आता बरीच वर्षं लोटली. माजी सैनिकांच्या मेळाव्यात हुतात्म्यांची नावं वाचतात. त्यात माणिक नसतो. नियमात बसत नाही. नावं संपली की मी उभा राहून त्याचं नाव रँकसकट घेतो. गेल्या वर्षी नव्या अध्यक्षांनी मला अडवलं. "हे कुठल्या लढाईत गेले?"

मी बोलायच्या आत बायकांच्या बाजूने सुलाबाई उठली. "आजारानं गेले. गोळ्या बंद केल्या व्हत्या."

मागच्या रांगेत तिच्यासोबत आलेला किसनदादा काठी टेकत उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात घेतली.

"म्या बंद करायला लावल्या," तो म्हणाला.

अध्यक्षांनी 'सावधान' दिलं. आम्ही सगळे माणिकसाठी उभे राहिलो.