कारखान्यातली फडकी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते सांभाळून घ्या. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण माझ्यासारखी एखादी बाई दुखणं अंगावर काढत असेल आणि ही वही तिच्या हाती पडली, तर तिने जरूर वाचावी.

रोह्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मला तपासलं आणि म्हणाल्या, "पी.आय.डी. वाटतंय." माझं तोंड बघून त्यांनी सोपं करून सांगितलं. गर्भपिशवीला आणि तिच्या नळ्यांना जंतूंमुळे आतून सूज आली होती. "सोनोग्राफी बाहेरून करून आणा. आत पू असेल तर ऑपरेशन लागेल." मग त्यांनी विचारलं, "पाळीत काय वापरता?"

काय वापरत होते, ते आधी सांगते.

पेणला मी गणपतीच्या कारखान्यात घासकाम करते. साच्यातून निघालेल्या मूर्तीला पॉलिश पेपर मारायचा आणि फडक्याने पुसायची. आमच्यात पाळीच्या चार दिवसांत बाई मूर्तीजवळ येत नाही. म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडते. त्यात गेल्या वर्षी थोरल्या मुलीला पाळी सुरू झाली. घरातली दोन्ही सुती लुगडी तिच्यासाठी फाडली. माझ्या साड्या नायलॉनच्या, त्या काही शोषत नाहीत. पॅडचं पाकीट घ्यायचं तर डाळ राहते. साबणाची एकच वडी, ती आधी शाळेच्या कपड्यांना, मग मुलींच्या अंघोळीला. मला नुसतं पाणी.

कारखान्यात पुसायच्या सुती फडक्यांचा ढीग असतो. त्यातली दोन-तीन मी कमरेला खोचून आणू लागले. त्यांना पांढरी पावडर लागलेली असायची. मला वाटायचं, देवाच्या अंगाला लागलेलं फडकं घाण कसं असेल? ती साध्या पाण्यात पिळून पोत्याखाली वाळत घालायची, कुणाला दिसू नयेत म्हणून. ओलसर असली तरी तशीच घ्यायची. रजाही घेत नव्हते. कुणाला कळू न देता मूर्ती घासत राहिले.

दुसऱ्या महिन्यात ताप आला. ओटीपोटात कळा, अंगावरून जाणं, वास. मला वाटलं, देव कोपला. मी नारळ फोडला आणि गप्प राहिले. असे तीन आठवडे गेले.

माझी नणंद रोह्याजवळ वरशाला राहते. तिने फोनवरून झापलं. "गो वैनी, तू नारळ फोडतेस नि ताप चढतोय! हितं ये. रोह्यात तुला कोण वळखतंय?" पेणहून गाडीत बसले. वाटेत कासू स्टेशन येईपर्यंत कळांनी वाकून गेले होते.

तर डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं, नारळाचंसुद्धा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "देवाचा यात काही संबंध नाही. कापड वाईट नसतं. साबणाने धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं. ओलं, मळलेलं कापड घेतलं की जंतूंना रान मोकळं. आणि गोळ्या नवऱ्यानेही घ्यायच्या, नाहीतर जंतू त्याच्याकडून परत येतील."

नवरा कुरकुरला, "दुखणं तुझं नि गोळ्या मी?" पण घेतल्या.

सोनोग्राफीला आणि बाहेरून आणायच्या इंजेक्शनांना पैसे नव्हते. नवरा गवंडीकाम करतो, तेव्हा काम बंद होतं. मागायचे तर कारखान्याच्या मालकीणकाकूंकडे. पण कारण सांगितलं तर काम जाणार, हे मला ठाऊक होतं. खोटं सांगता येईना. दारातच उभी राहिले.

"काकू, पैसे पायजेत. पन आधी आयका, मग द्यायचे का नाय ते ठरवा."

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "किती मूर्ती घासल्यास तशा?"

"दोन म्हयन्यांच्या."

 काकू आत कोणी आहे का बघून हळूच म्हणाल्या, "सासूबाई गेल्यावर या घरात बाय मी एकटीच. शीझनला चार दिस बाजूला बसले असते तर गणपती कोनी रंगवले असते? सासऱ्यांनी? त्यांनी सोंडेला पन नख काढलं असतं!"

त्या हसल्या. मला रडू आलं. त्यांनी पैसे दिले.

सोनोग्राफीत पू निघाला नाही. तीन दिवस इंजेक्शनं, चौदा दिवस गोळ्या.  शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "सूज उतरली. ऑपरेशन नाही."

आता काकूंच्या सांगण्यावरून कारखान्यात त्या दिवसांत जिला मूर्तीला हात लावायचा नसेल, ती पडवीत बसून प्लास्टरमध्ये घालायचा काथ्या पिंजते. मजुरी पुरी. जिला काम करायचं ती करते, कुणी विचारत नाही. नळाजवळ काकूंनी साबण ठेवलाय. मी नवं सुती कापड आणलं आणि मुलींची, माझी कापडं मागच्या दोरीवर उन्हात घालते. आधी वर टॉवेल टाकायचे. आता टाकत नाही. बायांनो, लाजेपायी मी तीन आठवडे घालवले. तुम्ही घालवू नका.

काकूंचे पैसे मी दर आठवड्याच्या मजुरीतून थोडे थोडे फेडले. अखेरीस पन्नास उरले, तेव्हा काकू म्हणाल्या, "ऱ्हाव दे गो ते." मी ऐकलं नाही. काल नोट त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कनवटीला लावली आणि म्हणाल्या, "फिटले गो सगळे."