बाबांनी गाळलेलं नाव

माझे बाबा भाट होते, हे चारचौघांत सांगायला मला निम्मं आयुष्य लागलं. कल्याणपासून ठाण्यापर्यंतच्या खाडीकाठच्या गावांत मिठागरं राखणारी, खारजमिनीत भात लावणारी घरं, ती आमची यजमान घरं. लग्नाच्या मांडवात उभं राहून त्या घराची नावं मूळ पुरुषापासून म्हणायची आणि शिधा, पागोटं, जे मिळेल ते घेऊन यायचं, हा आमचा पिढीजात धंदा. वही नाही की कागद नाही, सगळं तोंडपाठ. पहाटे ओटीवर बसून बाबा एकेका घराची नावं म्हणत आणि मी गोधडीत डोकं खुपसून झोपेचं सोंग घेई. शाळेत पोरं "शिधा आला, शिधा आला" म्हणून मला चिडवत. मला यातलं काही शिकायचं नाही, असं मी बाबांना तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी आग्रह केला नाही.

त्यांचं काम नुसतं पाठांतराचं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. एखाद्या घराची जुनी नावं हरवली असली, की बाबा पायी त्या गावी जात. आधी देवळाच्या गुरवाला गाठत, कारण जत्रेत पहिला नारळ कोणत्या घराचा हे त्याला ठाऊक असतं. मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सुनेकडे. पुरुष आपल्या आजोबाला फुगवून सांगतात, सून सासरच्या माणसांना फुगवत नाही, असं ते हसत म्हणत. देवघरातले पूर्वजांचे टाक हातात घेऊन निरखत, शेतांची जुनी नावं विचारत. पुढे आगगाडी आली, मिठाच्या ठेक्यांत काहींना बरे दिवस आले, तसे साऱ्यांनाच घोड्यावर बसलेले पूर्वज हवेसे झाले. "भाटबाबा, आमच्यात एखादा सरदार निघतो का बघा," म्हणून लोक मागे लागत. बाबा म्हणत, "घोडा तुमच्या दारात आत्ता आला, पाटील. म्हाताऱ्यांना पायीच राहू द्या." नसलेलं नाव त्यांनी कधी घातलं नाही.

मी ठाण्याच्या कचेरीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो, त्याच सुमाराला कळव्याच्या बाजूला एक लग्न निघालं. नवरीचा भाऊ माझ्याबरोबर शाळेत होता, म्हणून मला जाणं भाग पडलं. होडीतून बाबांबरोबर उतरलो, पण मांडवाशी पोचल्यावर मी मुद्दाम मागे रेंगाळलो आणि नवी पगडी सावरत शाळासोबत्यांत जाऊन बसलो.

बायकांची गाणी थांबली आणि बाबा उठले. आवाज खणखणीत होता. नवरीच्या कुळातली नावं एकामागून एक येऊ लागली, प्रत्येक नावाला जोडून त्या माणसाचं शेत, त्याचा बांध. एका नावापाशी ते थांबले. खाकरले. पागोट्यावरून हात फिरवला.

"इसरला वाटतं म्हातारा," शेजारी कोणीतरी कुजबुजलं आणि माझे सोबती हसले.

माझे कान तापले. एवढ्या लोकांत माझ्या बापाने अडखळावं! मी उभा राहिलो आणि राहिलेलं नाव मोठ्याने म्हणून टाकलं. नाव, शेत, बांध, सगळं, अगदी बाबांच्या चालीत.

नवरीच्या बापाच्या तोंडचं पाणी पळालं. पलीकडून नवऱ्याचा आजा काठी टेकत उठला.

"काय नाव घेतलंस रं पोरा? परत बोल."

त्याने ऐकायचं ते ऐकलं होतं. नवऱ्याच्या गावात ते नाव शिवीसारखं वापरत. फार पूर्वी, उधाणाच्या भरतीत आपली शेतं वाचवायला त्या माणसाने त्यांच्या गावाचा बांध फोडला होता. खारं पाणी आत शिरलं, भाताची जमीन वर्षानुवर्षं नासली, माणसं देशोधडीला लागली. पुढे त्याची मुलं खाडीच्या या बाजूला येऊन राहिली, वेगळ्या आडनावाने नांदू लागली आणि हे घर त्याचं, ही गोष्ट बुजली. आता ती जाणणारे दोघेच, नवरीचा बाप आणि माझा बाप. बाबा विसरले नव्हते. पोरीसाठी ते नाव गाळत होते. घरी पहाटे ते नावं पूर्ण म्हणत, मांडवात काय गिळायचं ते मांडवात ठरे. माझ्या ऐकण्यात फक्त पहाटेचं आलं होतं.

"त्याचे घरची पोर आमी न्यायची?" आजा ओरडला. "मोडा लगीन!"

हळद लागलेली पोर पाटावर बसली होती. हळदीनंतर लग्न मोडलेल्या पोरीला पुन्हा कोण विचारतो? तिच्या आईने तोंडात पदर कोंबला.

तेव्हा बाबा पुढे झाले. डोक्यावरचं पागोटं काढून त्यांनी आज्याच्या पायाशी ठेवलं.

"चूक माझी आहे, पाटील," ते म्हणाले. "हे नाव या घरातलं नाही. ते दुसऱ्याच घराचं, त्यात आता कोणी उरलेलं नाही. हल्ली माझी दोन घरं एकमेकांत मिसळतात. पोराला मीच चुकीचं शिकवलं. वय झालं, माफी असावी."

भाटाने भर मांडवात असं म्हणायचं म्हणजे आपणच आपल्या पोटावर पाय द्यायचा, हे तिथे प्रत्येकाला कळत होतं. आजा बाबांकडे बघत राहिला. त्याला ते खरं वाटलं असेल, असं मला आजही वाटत नाही. पण त्याने एकदा नवरीकडे पाहिलं, वाकून पागोटं उचललं आणि बाबांच्या हातात दिलं.

"भाटाचा शबुद हाय. चला, लावा लगीन."

परतीच्या होडीत मला मान वर करवेना. धरणीने पोटात घ्यावं म्हणावं, तर खाली नुसतं पाणी. बाबा वल्ह्यांकडे बघत बसले होते.

"तुला पाठ आहे, हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "चालही बरोबर होती रे."

त्यांच्या आवाजात आनंद होता. रागावले असते, चार लोकांत थोबाडीत दिली असती, तर मी सोसलं असतं. तो आनंद मला सोसला नाही, अजून सोसत नाही.

त्यानंतर त्यांना मांडवात कोणी बोलावलं नाही. घोळ घालणारा भाट कोणाला हवा? पहाटे मात्र ते ओटीवर बसून सगळ्या घरांची नावं म्हणत राहिले, आणि मी उठून त्यांच्याजवळ बसू लागलो. तेवढंच माझ्या हातात होतं. बाबा गेले, तेव्हा ती सारी घरं माझ्या तोंडात होती, आणि हल्ली लोक मूळ गाव विचारायला कचेरीत माझ्याकडे येतात.

गेल्या महिन्यात त्या नवरीचा थोरला मुलगा आला. भला माणूस आहे. त्याला आजोळची नावं हवी होती. मी म्हणत गेलो. एका ठिकाणी मला खाकरावं लागलं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

उठता उठता तो म्हणाला, "तुमच्या वडिलांपायी आमच्या आईचं लग्न मोडता मोडता राहिलं म्हणे. आमच्याकडे अजून हसतात त्यावर. म्हाताऱ्याला काही आठवतच नसे का हो?"

"हो," मी म्हणालो. "त्यांना काही आठवत नसे."