कुंपणाबाहेरून मोजलेले ट्रक

वेंडेल ट्रॉटरने आयुष्यात एकाच कंपनीचे शेअर घेतले, आमच्याच कंपनीचे. ओडेसा या तेलावर जगणाऱ्या गावात विहिरींना पंपाचे ट्रक पुरवणारी ही कंपनी. तिथे तो एकतीस वर्षं मेकॅनिक होता आणि मी त्याच्या हाताखाली शिकलो. दर पगाराला थोडे शेअर घ्यायचे, विकायचे मात्र नाहीत, हा त्याचा नेम. मोठी खरेदी तो कंपनीचं ट्रक उभे करायचं यार्ड बघून करायचा. तेलाचा भाव पडला की ट्रक यार्डात रांगेने उभे राहत, शेअर मातीमोल होई, आणि हा पठ्ठ्या तेव्हा चेकबुक काढी. यार्ड रिकामं झालं, सगळे नव्या गाड्या आणि बोटी घ्यायला लागले, की हा हाताची घडी घालून बसे. तीन मंद्यांत तो बरोबर ठरला. आम्ही त्याला चिडवायचो आणि गुपचूप त्याच्या मागोमाग शेअर घ्यायचो.

मंदीतही दर सोमवारी नऊ वाजता तो उभ्या ट्रकांची इंजिनं दहा मिनिटं चालवायचा. ती कामाला परत जाणार याची खात्री त्याला त्या आवाजातून मिळायची.

निवृत्त झाल्यावर तो कुंपणाबाहेरून नुसते ट्रक मोजायला लागला. तिथेच घात झाला, आणि त्यात माझाही हात आहे.

मार्चमधल्या एका सोमवारी तो बायकोला, नेल्डाला, घेऊन आला. तिने तिचं पार्लर विकलं होतं. तो चेक तिच्या पर्समध्ये होता आणि तिथून दोघं थेट ब्रोकरकडे जाणार होते. मी कुंपणापाशी गेलो.

"एकशे बारा," वेंडेल म्हणाला. "इतकं भरलेलं यार्ड मी कधी पाहिलं नाही, लायल. आज हिचेही पैसे घालतो."

"घालतो म्हणे," नेल्डा म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं उभं राहून पाय माझे सुजले. लायल, तू आत असतोस. तू सांग, घालू का?"

यार्डातलं बाहेर बोलाल तर नोकरी जाईल, असं साहेबाने बजावलं होतं. शिवाय शेअर माझ्याकडेही होते. वेंडेल अजून घेतोय म्हणजे सगळं ठीक होईल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. लाज वाटते, पण तसंच होतं.

"मिठाची गुळणी धरलीस का?" नेल्डा म्हणाली.

"नऊ वाजून गेलेत, वेंडेल," मी म्हणालो. "आज सोमवार आहे."

"मग?"

"ऐक."

यार्डात एकही इंजिन चालू नव्हतं. वेंडेलने कुंपणाची जाळी धरली.

"किती दिवस झाले?"

"नोव्हेंबरपासून. चालत्या ट्रकांसाठी यांचे भाग काढतोय. बाहेरून दिसत नाही, पण आत काही उरलेलं नाही. मीच काढतोय."

नेल्डाने पर्स घट्ट छातीशी धरली. वेंडेलने जाळी सोडली.

"जानेवारीत मी मोठी खरेदी केली," तो म्हणाला. "त्याच्या आदल्या रविवारी तू आमच्याकडे जेवायला होतास. जेवताना मी तुला सांगितलं होतं."

"हो," मी म्हणालो.

त्या उन्हाळ्यात कंपनी बुडाली. दोघं आता पार्लरच्या पैशांवर राहतात. रविवारच्या जेवणाचं बोलावणं मला पुन्हा आलं नाही.