विनोदाचा विभाग वेगळा

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती लग्नाआधीपासून चादरींच्या घड्या घालते. तिथे सगळ्या तिला मास्तरीण म्हणतात, कारण कुणाची घडी वाकडी झाली की ती उलगडून पुन्हा घालायला लावते. नाटकाच्या तालमीतही तिची तीच तऱ्हा.

नाटक तिनेच रचलंय. एक बडे डॉक्टर चुकून मळक्या कपड्यांच्या खोलीत कोंडले जातात आणि सुटकेसाठी धुलाईवाल्या बायकांची मनधरणी करतात. डॉक्टर बनते इस्त्रीवाली मावशी, वॉर्डात चालणार नाही असा फाटका कोट घालून. सुट्टीच्या दिवशी कपडे वाळवायच्या खोलीत तालीम चाले. आता तिथे नवी यंत्रं येणार होती. एक प्रतिष्ठान वंचित कलाकारांना अनुदान देतं, सभागृहसुद्धा मिळवून देतं, असं कळलं आणि मास्तरणीने अर्ज केला.

प्रतिष्ठानच्या बाई तालीम बघायला आल्या. मावशी मळक्या कपड्यांच्या ढिगात गळ्यापर्यंत बुडून "मी विभागप्रमुख आहे!" असं ओरडली, तेव्हा बाई पोट धरून हसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "फारच छान. पण यात तुमची वेदना कुठे दिसत नाही."

मावशीने लगेच डॉक्टरांची पँट वर ओढली. "ही काय. डावा गुडघा. जिना चढताना तर विचारूच नका."

बायका खो खो हसल्या. मास्तरीण हसली नाही.

"तसं नव्हे," बाई म्हणाल्या. "तुमचा संघर्ष. घरची परिस्थिती, नवऱ्याचा त्रास. डॉक्टर काही तुमच्या जगातले नाहीत ना?"

"मग त्यांच्या कोटांचे डाग कोण काढतं?" मास्तरणीने विचारलं.

"हो, पण समितीला प्रामाणिक अनुभव हवेत."

"आणि आम्हाला हसवायचंच असेल तर?"

"त्यालाही अनुदान आहे. पण विनोदाचा विभाग वेगळा. तिथे नामवंत संस्था येतात. तुमचा निभाव लागायचा नाही."

मास्तरणीची कानशिलं तापली. म्हणजे हसवायला नामवंत आणि रडायला आम्ही! आठवडाभर परक्यांच्या रक्ताच्या चादरी धुवायच्या आणि सुट्टीला खुर्चीत बसलेल्या लोकांपुढे त्याच झटकून दाखवायच्या. नवऱ्याचा त्रास म्हणे. तो बिचारा रोज जेवताना तिच्याकडून संवाद घोटून घेत होता.

नाटकात काम करणाऱ्या तिच्या नणंदेने तिला कोपऱ्यात ओढलं. "वहिनी, उगाच ताणू नकोस. रडू की तासभर. आपलं काय जातंय? जागा तर मिळेल."

"तुझं जात नसेल."

"मग काय उघड्यावर करणारेस?"

मास्तरणीने हात सोडवून घेतला. ती बाईंकडे वळली. "मघाशी हसलात, ते खोटं होतं?"

"छे हो! मनापासून हसले."

"मग समितीला तेच सांगा."

"समितीपुढे तसं मांडता येत नाही."

"तर मग राहू द्या तुमचं अनुदान. नाटक बदलणार नाही."

खोली गेली. तालीम आता मागच्या आवारात होते, जिथे मळक्या कपड्यांची गाठोडी उतरतात. ट्रक आला की डॉक्टर अर्धं वाक्य तोंडात धरून भिंतीला चिकटतात. सभागृहाचा पत्ता नाही, प्रयोगाचाही नाही. मावशी अधूनमधून तारीख विचारते. नणंद तर दर वेळी ऐकवते, "रडलो असतो तर आज छपराखाली असतो."

"बोलून झालं?" मास्तरीण म्हणते. "तुझी एन्ट्री आली. जा."