विहीणबाईंनी वाटलेल्या गोळ्या

माझ्या विहीणबाईंएवढी वाटून टाकणारी बाई वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दुसरी सापडायची नाही. देवानंही दुसरी घडवली नसावी, एकीनंच त्याला दम लागला असेल. माझ्या लेकीची ही सासू. सावली या तालुक्याच्या गावापासून बरंच आत, जंगलाला चिकटलेलं त्यांचं गाव. तिथे नाल्यात मासळी सापडली की घरटी वाटे पडतात, ही जुनी रीत. पण आमच्या बाईंनी ती रीत अशी ताणली की काही विचारू नका. मी लेकीसाठी डबाभर लाडू नेले, तर चहा उकळेपर्यंत डबा रिकामा! "अहो, लेकीसाठी आणले होते मी," म्हटलं, तर म्हणतात कशा, "मंग तुमची लेक का एकटीच रायते इथी? गावात रायते न!" कंबर शेकायची रबरी पिशवी आणून दिली, तर ती आळीभर फिरली आणि परत आली तेव्हा तिच्यात कोणाचं तरी ताक होतं.

गेल्या वर्षी मात्र सगळं एकावर एक आलं. मोहाच्या दिवसांत शेजारच्या गावची बाई फुलं वेचायला गेली, तिला वाघानं नेलं. तेव्हापासून अंगणात खाट टाकणं बंद. मग आमच्याकडची ती उन्हं! घराच्या भिंती तव्यासारख्या, त्यात विजेची लाइन गेलेली, आणि दारं लावून आत म्हातारी माणसं शिजत पडलेली. झोप नाही, फिरणं नाही. बाईंचं प्रेशर चढलं. डॉक्टरांनी रोजची गोळी लावून दिली. मी फोनवर रागावले, तर त्यांचं उत्तर तयार: "बाहीर वाघ, अंदर गर्मी. प्रेशर बिचारं जाईन कुठी? आलं माह्याच घरी पाहुणं!"

हसले मी तेव्हा. पुढे पाऊस असा लागला की नाल्याचं पाणी रस्त्यावर चढलं आणि गावाचं बेट झालं. अशात लेकीचा फोन. "आई, आत्याबाईंचं तोंड वाकडं झालं. हात उचलत नाही, बोलणं कळत नाही." मी ओरडलेच, अगं, गोळ्या तर पुष्कळ आणून ठेवल्या होत्या! लेक रडत म्हणाली, "वाटल्या त्यांनी."

वाटल्या! रस्ता बंद, कोणाच्या घरी औषध नाही, म्हणून आळीतल्या साऱ्या म्हाताऱ्यांना वाटे घातले. जिचे गुडघे दुखतात तिलाही प्रेशरची गोळी, जिला खोकला तिलाही तीच. एक बिचारी घेरी येऊन चुलीजवळ पडली, थोडक्यात वाचली. आणि ज्यांच्या गोळ्या, त्यांच्याच वाट्याला काही उरलं नाही. असं कोणी करतं का हो?

गावच्या पोरांनी डोंग्यातून पाण्यापलीकडे काढलं म्हणून बाई चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचल्या. मी गेले तेव्हा तोंड थोडं सरळ झालं होतं. जीव वाचलाय हे पाहिलं आणि माझा तोल सुटला. "प्रेशरची गोळी म्हणजे काय मासळी आहे का, वाटे घालायला? मरायला निघाल्या होत्या तुम्ही! दुसरीलाही घेऊन चालल्या होत्या!"

त्या एकेक शब्द ओढत बोलल्या, "इहीनबाई... साऱ्याइच्या घरी दुखनं... अन् मी एकटीच... गिळत बसू?"

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलेलं सगळं समजावलं मी, की ज्याचं औषध त्यालाच, दुसऱ्याला ते विष. त्यांनी मान डोलावली. पटलंय असं वाटून मी गोळी आणि पाणी त्यांच्या तोंडाशी धरलं. तोंड मिटलेलंच. नजर शेजारच्या खाटेवर. तिथे कोण्या अनोळखी गावची म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तिचीबी... गोळी... आली न?"

मी पाहिलंही नव्हतं. "आली," म्हटलं.

तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.